‘तुमच्या मशीनसाठी नाही’

एप्रिल २०१२ मध्ये लाव्हा या भारतीय कंपनीने ‘झोलो एक्स-९००’ हा फोन बाजारात आणला. किंमत बावीस हजारांच्या आसपास. दिसायला तो त्या काळच्या इतर महाग फोनसारखाच होता, वेगळेपण होते ते आत. इंटेलची अ‍ॅटम चिप असलेला तो जगातला पहिला स्मार्टफोन, आणि तो सर्वांत आधी भारतात विकला गेला. तोवर जवळजवळ प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये एआरएम जातीची चिप असे. अँड्रॉइडची बरीचशी अ‍ॅप्स अशा पद्धतीने लिहिलेली असत, की चिप कोणती याने त्यांना फरक पडत नसे. पण काही अ‍ॅप्स, विशेषतः मोठे गेम, वेगासाठी थेट चिपच्या सूचनांत उतरवलेली असत, आणि त्या सूचना एआरएमच्या होत्या. इंटेलने त्यावर उपाय म्हणून फोनमध्ये एक खास प्रोग्राम घातला होता. एआरएमसाठीच्या सूचना तो अ‍ॅप चालू असतानाच इंटेलच्या सूचनांत बदलून देई. सगळेच त्याला साधत नसे. चार वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, इंटेलने फोनसाठीच्या पुढच्या अ‍ॅटम चिपचे काम थांबवले.

‘हे अ‍ॅप तुमच्या फोनवर चालत नाही’ ही ओळ आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेली असते. चिडचिड होते, दुसरे अ‍ॅप शोधले जाते आणि विषय संपतो. पण ती ओळ आपोआप उगवत नाही. कुणीतरी बसून ठरवलेले असते की हे सॉफ्टवेअर या जातीच्या मशीनला द्यायचे नाही, आणि तशी नोंद केलेली असते. ही नोंद कोण करतो, कशाच्या आधारावर करतो आणि ती चुकली तर कुणाचे नुकसान होते, हे बघण्यासारखे आहे. जुना लॅपटॉप अजून वापरणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्रोसेसरला समजणाऱ्या मूळ सूचनांचा एक ठरलेला संच असतो, त्यालाच ढोबळमानाने आर्किटेक्चर म्हणतात. घरातल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीचे ६४ बिटी आर्किटेक्चर असते, फोनमध्ये एआरएम, मोठ्या बँकांच्या मेनफ्रेममध्ये आयबीएमचे स्वतःचे. याशिवाय पॉवरपीसी, मिप्स, स्पार्क, अल्फा अशी एकेकाळी मानाची आणि आता मागे पडलेली घराणी आहेत. प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर या प्रत्येकासाठी वेगळा कंपाइल करावा लागतो, म्हणजे त्या-त्या सूचनांत उतरवावा लागतो. एका आर्किटेक्चरसाठी तयार झालेली फाइल दुसऱ्यावर ठेवली, तर मोडीतली चिठ्ठी फक्त बाळबोध वाचणाऱ्याच्या हाती दिल्यासारखे होते. मजकूर मराठीच असतो, पण एक अक्षर लागत नाही.

हा सगळा पसारा सर्वांत मोकळेपणाने दिसतो तो लिनक्सच्या जगात, आणि त्यातही डेबियनमध्ये. डेबियन ही १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेली, स्वयंसेवकांनी चालवलेली प्रणाली. उबुंटू तिच्यावरच उभे आहे. सी-डॅकने भारतीय वापरासाठी बनवलेली ‘बॉस’ म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स हीसुद्धा डेबियनवर आधारलेली. सुरुवातीला डेबियन फक्त इंटेलच्या ३८६ घराण्यावर चाले. १९९८ मध्ये मोटोरोलाच्या ६८००० घराण्याची भर पडली आणि २००२ च्या आवृत्तीपर्यंत आर्किटेक्चरची संख्या ११ झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत ६९ हजारांहून जास्त पॅकेजेस, म्हणजे बसवण्यासाठी बांधून ठेवलेली सॉफ्टवेअर, आहेत आणि अधिकृत आर्किटेक्चर आहेत सात. आता एवढा पसारा सात आर्किटेक्चरसाठी कंपाइल करणे माणसांच्या हातचे नाही. त्यासाठी प्रत्येक आर्किटेक्चरचे स्वतंत्र संगणक रात्रंदिवस जुंपलेले असतात. नवे पॅकेज आले की ते उचलायचे, आपल्या मशीनवर कंपाइल करायचे, तपासण्या चालवायच्या आणि निकाल कळवायचा, एवढेच त्यांचे काम.

त्या संगणकांना कसे कळते की कोणते पॅकेज उचलायचे? प्रत्येक पॅकेजच्या माहितीपत्रकात ‘आर्किटेक्चर’ नावाची एक ओळ असते. तिथे ‘ऑल’ लिहिले असेल, तर पॅकेज एकदाच बनते आणि सगळीकडे चालते. लोहित देवनागरी हा फाँट अशा प्रकारचा आहे. अक्षरांच्या आकृत्यांना चिपशी काही देणेघेणे नसते. ‘एनी’ लिहिले असेल, तर प्रत्येक आर्किटेक्चरवर वेगळे कंपाइल करून पाहायचे. आणि तिसरा मार्ग म्हणजे नावे मोजून लिहायची: फक्त यावर आणि यावर. बाकीच्यांसाठी दार बंद. फेडोरा, जेंटू, फ्रीबीएसडी, निक्सओएस या इतर प्रणालींत शब्द वेगळे असले तरी सोय हीच आहे.

काही पॅकेजेसच्या बाबतीत ही बंदी इतकी उघड असते की चर्चेची गरजच पडत नाही. इंटेल प्रोसेसरच्या आतला मायक्रोकोड अद्ययावत करणारे पॅकेज एआरएमच्या फोनवर काय करणार? खरी गुंतागुंत पुढे आहे. प्रोग्राम तत्त्वतः कुठेही चालायला हवा, पण लिहिणाऱ्याने नकळत आपल्या टेबलावरच्या मशीनच्या सवयी त्यात ओतलेल्या असतात.

आकडे साठवण्याच्या क्रमाचेच पाहा. चार बाइटचा आकडा स्मृतीत लिहिताना इंटेल आणि आजचे एआरएम सर्वांत लहान हिश्शाचा बाइट आधी ठेवतात. आयबीएमच्या मेनफ्रेमवर क्रम उलटा, मोठा हिस्सा आधी. प्रोग्रामरने ही शक्यता लक्षात न घेता फाइल लिहिली आणि ती दुसऱ्या जातीच्या मशीनवर तशीच वाचली गेली, तर १ या आकड्याचे १,६७,७७,२१६ होतात. प्रोग्राम बंद पडत नाही, चूक झाल्याचा इशाराही देत नाही, शांतपणे चुकीचे उत्तर देतो. डेबियनच्या आजच्या सात अधिकृत आर्किटेक्चरमध्ये असा उलटा क्रम पाळणारे एकच उरले आहे, आयबीएमचे. त्यामुळे या चुका पकडणारे डोळेही कमी झाले आहेत.

दुसरी खोड याहून बारीक आहे. सी भाषेत एका अक्षरासाठी जो छोटा कप्पा असतो, त्यात ऋण संख्या बसते की नाही हे भाषेने ठरवलेलेच नाही. इंटेलवर बसते. लिनक्सखालच्या एआरएमवर बसत नाही. फाइल संपली हे कळवण्यासाठी उणे एक ही संख्या वापरण्याची पद्धत आहे. एखाद्याने ती त्या छोट्या कप्प्यात घेतली, तर इंटेलवर कदाचित वर्षानुवर्षे काही बिघडणार नाही. तोच प्रोग्राम एआरएमवर नेला की उणे एकचे २५५ होतात, ‘फाइल संपली’ हा निरोप कधी पोचतच नाही आणि प्रोग्राम अनंत काळ फिरत राहतो. चूक मुळातच होती, ती एआरएमने दाखवून दिली एवढेच.

अलीकडे यात स्मृतीच्या पानांची भर पडली. प्रोसेसर स्मृतीची वाटणी ठरावीक आकाराच्या पानांत करतो. इंटेलवर हे पान ४ किलोबाइटचे असते, आणि असंख्य प्रोग्राममध्ये तो आकडा गृहीत धरलेला आहे. अ‍ॅपलच्या एम-१ या एआरएम जातीच्या चिपवर लिनक्स चालवणाऱ्यांनी १६ किलोबाइटची पाने वापरायला सुरुवात केली, २०२३ च्या रास्पबेरी पाय ५ या छोट्या एआरएम संगणकानेही तेच केले. लगेच काही प्रोग्राम सुरू होताक्षणी कोसळू लागले. मग प्रश्न आला: या पॅकेजवर एआरएमसाठी ‘चालत नाही’ असे लिहायचे का? एआरएमवर तर ते चालते, फक्त या पानांच्या आकारावर नाही. माहितीपत्रकातल्या त्या एका ओळीत एवढी तपशिलाची गोष्ट मावत नाही.

आणि ३२ बिटी मशीनची अडचण तर सरळ गणिताची आहे. त्यांच्यावर एका प्रोग्रामला चार गिगाबाइटपलीकडची स्मृती दिसतच नाही. आजचे ब्राउझर कंपाइल करताना शेवटच्या टप्प्यात याहून जास्त स्मृती लागू शकते. म्हणजे ब्राउझर त्या मशीनवर चालला असता, पण तो त्याच मशीनवर तयार करता येत नाही.

या सगळ्यातून एक महत्त्वाचा फरक समोर येतो. ‘चालू शकत नाही’ आणि ‘सध्या चालत नाही’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली तंत्राची मर्यादा आहे, दुसरी माणसांची. फ्रीबीएसडीने हा भेद व्यवस्थित जपला आहे. जे पॅकेज त्या आर्किटेक्चरसाठी नाहीच, त्याला एक खूण आणि जे चालायला हवे पण सध्या मोडलेले आहे, त्याला दुसरी. निक्सओएसमध्येही ‘हा प्लॅटफॉर्म चालणार नाही’ आणि ‘हे पॅकेज तुटले आहे’ या नोंदी वेगळ्या आहेत. फेडोराने एक पाऊल पुढे जाऊन नियम केला, की एखादे आर्किटेक्चर वगळायचे असेल तर त्याची रीतसर तक्रार नोंदवावी, कारण लिहावे आणि ती तक्रार त्या आर्किटेक्चरच्या सामायिक यादीला जोडावी. त्यामुळे उद्या त्या आर्किटेक्चरवर काम करणारा कुणी आला, तर त्याला काय काय अडले आहे हे एका जागी सापडते.

हा फेडोराचा नियम या सगळ्या व्यवहारातला सर्वांत शहाणा नियम आहे. नोंद करायला एक शब्द पुरतो आणि काढायला मात्र कुणालातरी पुन्हा सगळे तपासावे लागते. कारण लिहिलेले नसेल, तर पाच वर्षांनी येणाऱ्याला कळत नाही की पूर्वीच्या माणसाने प्रयत्न करून हात टेकले होते, की त्या दिवशी त्याला वेळ नव्हता. मग भीतीपोटी नोंद तशीच राहते आणि मधल्या काळात मूळ अडचण सुटलेली असली तरी दार बंदच राहते.

नावे मोजून लिहिण्याच्या पद्धतीत हाच धोका आणखी वाढतो. ‘अमुक एकावर चालत नाही’ असे लिहिले, तर उद्या जन्माला येणाऱ्या नव्या आर्किटेक्चरला निदान संधी मिळते. ‘फक्त या चारांवर चालते’ असे लिहिले, की पाचवे आपोआप बाहेर. ६४ बिटी एआरएम आले तेव्हा याचा पुरेपूर अनुभव आला. कित्येक जुन्या पॅकेजेसमध्ये मशीन ओळखणारी एक छोटी स्क्रिप्ट असते. तिच्या जुन्या प्रतीत ६४ बिटी एआरएमचे नावच नव्हते. प्रोग्राममध्ये कसलीही खोट नसताना ‘हे मशीन ओळखत नाही’ असे म्हणून ती कंपाइल सुरू होण्याआधीच थांबत असे. उपाय सोपा होता, स्क्रिप्टची नवी प्रत घालायची. पण तो पॅकेजमागून पॅकेज करत जावा लागला. शेवटी डेबियनने ती स्क्रिप्ट कंपाइल करताना दर वेळी ताजी करून घेण्याचीच सवय लावली. पुढे आणखी एक चांगली युक्ती निघाली. नावांची यादी देण्याऐवजी ‘मला ६४ बिटी मशीन हवे’ किंवा ‘लहान बाइट आधी ठेवणारे मशीन हवे’ अशी खरी गरज पॅकेजला सांगता येऊ लागली. गरज सांगितली की कारणही त्यातच आले.

एक पॅकेज एखाद्या आर्किटेक्चरवरून काढले, की गोष्ट तिथे थांबत नाही. त्याच्यावर विसंबलेली पॅकेजेस हलतात, त्यांच्यावर विसंबलेली त्यानंतर. लिबआरएसव्हीजी हे चित्रे पडद्यावर उमटवणारे पॅकेज याचे चांगले उदाहरण आहे. नोम या डेस्कटॉपमधली बटणांवरची चिन्हे त्याच्याकडून येतात. त्याचे प्रमुख फेदेरिको मेना किंतेरो यांनी २०१७ च्या सुमारास ते सी भाषेतून रस्ट या नव्या भाषेत न्यायला सुरुवात केली. रस्टमध्ये स्मृतीच्या हाताळणीतल्या बऱ्याच चुका कंपायलरच पकडतो, त्यामुळे सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्य होता. पण रस्टचा कंपायलर सगळ्या आर्किटेक्चरवर नव्हता. ज्यांच्यावर नव्हता, त्यांच्यावर नवे लिबआरएसव्हीजी बनेना, आणि त्याच्यामागोमाग डेस्कटॉपचा मोठा भाग अडकण्याची वेळ आली. तेव्हा डेबियनने त्या मागे पडलेल्या आर्किटेक्चरसाठी सीमधली जुनी आवृत्ती वेगळ्या नावाने जिवंत ठेवली. सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या तिला आयत्या मिळणार नव्हत्या, पण मशीन चालू राहिले.

खरा वाद पेटला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये. पायथॉन भाषेत ‘क्रिप्टोग्राफी’ नावाचे पॅकेज आहे. नाव साधे असले तरी सर्व्हर सांभाळणाऱ्या असंख्य साधनांच्या पायाशी ते आहे. त्याच्या ३.४ या आवृत्तीत रस्टचा थोडा भाग आला. बहुतेकांना फरक पडायचा नव्हता, कारण त्यांना आधीच कंपाइल झालेली फाइल मिळत होती. पण अल्पाइन या छोटेखानी लिनक्सवर तेव्हा तशी तयार फाइल मिळत नसे, दर वेळी मुळापासून कंपाइल करावे लागे. एका रात्रीत जगभरातल्या कंपन्यांची स्वयंचलित कामे रस्टचा कंपायलर नाही म्हणून अडली. त्यांना रस्ट बसवून घेता येत होते. जेंटूच्या लोकांची अडचण वेगळी होती. त्यांच्याकडच्या अल्फा, एचपी पीए-रिस्क, इटेनियम, मोटोरोला ६८००० आणि आयबीएमच्या जुन्या ३१ बिटी मेनफ्रेम या आर्किटेक्चरवर रस्ट नव्हतेच. त्यांच्यासाठी हे पॅकेज त्या दिवसापासून संपल्यात जमा होते.

पॅकेज लिहिणाऱ्यांचे म्हणणे स्पष्ट होते. त्या आर्किटेक्चरवर आम्ही कधीच तपासण्या केल्या नव्हत्या, ते चालते असे वचन आम्ही कधी दिले नव्हते, आणि सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमधले स्मृतीचे धोके कोट्यवधी लोकांना भोवतात. दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते, की वर्षानुवर्षे चालत आलेली गोष्ट लहानशा आवृत्तीबदलात अचानक बंद करणे बरोबर नाही. दोन्ही बाजूंनी बरेच कडवट बोलणे झाले. तात्पुरता उपाय म्हणून रस्टशिवाय कंपाइल करण्याची एक पळवाट ठेवली गेली, आणि सप्टेंबर २०२१ मधल्या पुढच्या मोठ्या आवृत्तीत तीही गेली. त्या आवृत्तीचा क्रमांक ३.४ वरून थेट ३५ झाला.

या प्रकरणात लेखकांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. फुकट काम करणाऱ्या माणसाने आपण कधी पाहिलेलेही नाही अशा मशीनची हमी द्यावी, ही अपेक्षाच अवाजवी आहे. दोष आहे तो मधल्या अनेक वर्षांच्या मौनात. ‘हे इथे चालते, पण आम्ही तपासत नाही’ ही तिसरी अवस्था कुठेच लिहिलेली नव्हती. चालते म्हणजे सपोर्ट आहे, असे वापरणाऱ्याने गृहीत धरले. कुणी विचारत नाही म्हणजे कुणी वापरत नाही, असे लिहिणाऱ्याने गृहीत धरले. जेंटूने स्वतःच्या पातळीवर निदान हा भेद ठेवला आहे. पूर्ण तपासलेल्या पॅकेजला एक खूण, आणि चालू दिसते पण अजून मुरलेले नाही, अशा पॅकेजला त्याच नावापुढे एक लहानसे नागमोडी चिन्ह. मूळ लेखकापासून वापरणाऱ्यापर्यंत सगळीकडे असे असते, तर त्या फेब्रुवारीत कुणाला इतका धक्का बसला नसता.

डेबियनमध्ये हाच प्रश्न आता थेट पायापर्यंत पोचला आहे. पॅकेजेस बसवणारा, म्हणजे बाकी सगळ्याचा दरवाजा असलेला प्रोग्राम म्हणजे एपीटी. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस एपीटी सांभाळणारे जुलियान आंद्रेस क्लोडे यांनी जाहीर केले, की मे २०२६ पासून पुढे कधीही एपीटीला रस्ट अनिवार्य होईल. ज्या आर्किटेक्चरवर रस्ट चालत नाही, त्यांच्या स्वयंसेवकांनी सहा महिन्यांत ते चालते करावे किंवा काम आवरते घ्यावे. अधिकृत आर्किटेक्चरना याचा त्रास नव्हता. प्रश्न होता अल्फा, पीए-रिस्क, ६८००० यांसारख्या, केव्हाच अधिकृत यादीबाहेर गेलेल्या आणि हौशी लोकांनी जपलेल्या मशीनचा. १९९८ मध्ये डेबियनच्या कुटुंबात दुसऱ्या क्रमांकाने आलेले ६८००० त्यातच आहे. २००७ मध्ये ते अधिकृत यादीतून गेले, कारण त्या संथ चिपवर पॅकेजेस वेळेत कंपाइल होईनात. तरीही त्याच्यासाठी काम सुरू राहिले, आणि रस्ट ज्याच्यावर उभे आहे त्या एलएलव्हीएम कंपायलरमध्ये २०२१ साली ६८००० साठी प्रायोगिक आधारही आला.

जुन्याला निरोप देणे कधीतरी भागच असते. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची सुरुवात ज्या ३८६ जातीच्या प्रोसेसरवर केली, तोच लिनक्सच्या गाभ्यातून २०१३ च्या ३.८ आवृत्तीत बाहेर पडला. २०१८ मध्ये ४.१७ आवृत्तीतून तर आठ आर्किटेक्चर एकदम काढली गेली. त्यांतल्या बहुतेकांसाठी कुणी विचारपूसही करत नव्हते. पण वापरणारे अजून आहेत की नाहीत, हे आधी नीट पाहावे लागते.

उबुंटूच्या कॅनॉनिकल कंपनीला हे जून २०१९ मध्ये कळले. ३२ बिटी इंटेलची पॅकेजेस पुढच्या आवृत्तीपासून पूर्ण बंद, असे तिने जाहीर केले. ३२ बिटी संगणक आता आहेत किती, हा विचार त्यामागे होता. पण ६४ बिटी संगणकावरसुद्धा जुने ३२ बिटी प्रोग्राम चालवणारे खूप होते. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले कितीतरी जुने गेम तसे होते, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनलाही त्या पॅकेजेसची गरज होती. आरडाओरडा झाला आणि आठवडाभरात कंपनीने निवडक ३२ बिटी पॅकेजेस ठेवण्याचे मान्य केले. डेबियनने तेच सहा वर्षांनी सावकाश केले. तेराव्या आवृत्तीत ३२ बिटी इंटेलसाठी गाभा नाही, इन्स्टॉलर नाही, पण ६४ बिटी मशीनवर जुने प्रोग्राम चालवण्यापुरती पॅकेजेस आहेत. निव्वळ ३२ बिटी प्रोसेसर असलेला संगणक मात्र बाराव्या आवृत्तीवरच राहतो.

नोंद असून त्रास होतो, पण नोंद नसली की जास्त होतो. मशीन लर्निंगच्या टेन्सरफ्लो या सॉफ्टवेअरच्या तयार फाइल्स २०१८ मधल्या १.६ आवृत्तीपासून एव्हीएक्स नावाच्या जादा सूचना वापरू लागल्या. आर्किटेक्चर तेच, ६४ बिटी इंटेल. त्यामुळे पॅकेज बसवताना कुणी अडवत नसे. पण एव्हीएक्स सगळ्या इंटेल प्रोसेसरमध्ये नव्हते. स्वस्तातल्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये ते २०२० च्या आसपासपर्यंत दिलेच जात नव्हते. अशा मशीनवर प्रोग्राम सुरू केला, की ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’ एवढे दोन शब्द येत आणि सगळे संपे. कमी पैशांत संगणक घेऊन नवे तंत्र शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला हे दोन शब्द येणे फार वाईट. आपले काय चुकले, हे शोधण्यात त्याचा दिवस जातो, आणि चूक त्याची नसतेच. ‘या प्रोसेसरवर चालणार नाही’ असे आधी सांगितले असते तर त्याने दुसरी वाट धरली असती. रेड हॅट कंपनीने आपल्या लिनक्सच्या नवव्या आणि दहाव्या आवृत्तीत प्रोसेसरची किमान पायरी दर वेळी एकेक वर नेली, पण ती आधी जाहीर केली. जाहीर केलेली पायरी कडक वाटली तरी माणसाला निर्णय घेता येतो.

‘चालत नाही’ हे स्पष्ट लिहिलेले असले तर त्यातून कधी कधी नवे कामही उभे राहते. २०१२ मध्ये आलेला पहिला रास्पबेरी पाय डेबियनच्या दोन एआरएम प्रकारांच्या बरोबर मधे पडत होता. जुना प्रकार त्याच्यावर चाले, पण दशांशाच्या आकडेमोडीसाठी चिपमध्ये असलेली सोय वापरत नसे, म्हणून संथ. नवा प्रकार ती सोय वापरे, पण त्याला एआरएमची सातवी पिढी लागे आणि पायमध्ये सहावी होती. डेबियनने सातव्या पिढीची अट सैल केली नाही. मग माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन यांनी हजारो पॅकेजेस सहाव्या पिढीसाठी पुन्हा कंपाइल केली. त्यातून रास्पबियन जन्मले, आणि जगभरातल्या शाळांमध्ये पोचलेल्या त्या छोट्या संगणकाची ती अनेक वर्षे मुख्य प्रणाली राहिली.

भारताला आणि विशेषतः पुण्याला हा प्रश्न नवा नाही. पुण्यातल्या सी-डॅकच्या परम महासंगणकांचा इतिहास म्हणजे एका आर्किटेक्चरवरून दुसऱ्यावर जाण्याचाच इतिहास आहे. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तयार झालेला परम ८००० इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिपवर उभा होता. त्यानंतर इंटेलची आय-८६० आली, परम ९००० आणि १९९८ च्या परम १०००० मध्ये स्पार्क घराणे, परम पद्ममध्ये आयबीएमची पॉवर-४, आणि २००८ च्या परम युवामध्ये इंटेलचे झिऑन. प्रत्येक बदलात लिहिलेले सॉफ्टवेअर नव्या चिपवर न्यावे लागते. ट्रान्सप्यूटर तर पुढे बाजारातूनच नाहीसा झाला.

आता पुढची चाल रिस्क-पाच या आर्किटेक्चरची आहे. २०१० मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झालेले हे आर्किटेक्चर खुले आहे. त्यावर चिप बनवायला कुणाला परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ आणि तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकचे ‘वेगा’ हे प्रोसेसर त्यावरच बनले, आणि एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने रिस्क-पाच चिपसाठी ‘डीआयआर-व्ही’ कार्यक्रम जाहीर केला. पण चिप बनली म्हणजे संगणक तयार होत नाही, तिच्यावर सॉफ्टवेअर हवे. नावांच्या जुन्या याद्यांत रिस्क-पाच नसणे म्हणजे भारतीय चिपलाही दार बंद असणे. या याद्या एकेक करून दुरुस्त करणारे लोक, मग ते कुठल्याही देशात बसलेले असोत, शक्ती आणि वेगाचेच काम करत असतात. २०२३ मध्ये रिस्क-पाच डेबियनच्या मुख्य भांडारात आले आणि तेराव्या आवृत्तीत अधिकृत झाले. त्याच आवृत्तीत मिप्सची नावे यादीतून गेली.

एवढ्यात रिस्क-पाचच्या घरातही तोच प्रश्न उभा राहिला आहे. २०२५ मध्ये कॅनॉनिकलने ठरवले, की उबुंटू २५.१० पासून रिस्क-पाचच्या मशीनला आरव्हीए-२३ या नव्या प्रमाणातल्या सूचना आल्याच पाहिजेत. त्या वेळी बाजारात असलेले जवळजवळ सगळे रिस्क-पाच बोर्ड ही अट पूर्ण करत नव्हते. कंपनीने निर्णय महिनोन् महिने आधी जाहीर केला आणि कारणही दिले: पुढे येणाऱ्या चिपची ताकद पूर्ण वापरायची, तर जुन्या पायरीवर थांबून चालणार नाही. जुने बोर्ड घेतलेल्यांसाठी २४.०४ ही आवृत्ती आहे, आणि तिचा नेहमीचा सपोर्ट २०२९ पर्यंत आहे.